बाबागाडी

बाबागाडी हे तान्ह्या व लहान मुलांना निजवून किंवा बसवून मोठ्या माणसाने हाताने ढकलत नेण्याचे चाकांचे वाहन आहे. 'बाबा' हा लहान मुलासाठी लाडाने वापरला जाणारा शब्द आणि 'गाडी' यांपासून हा सामासिक शब्द तयार झाला आहे. प्रॅम, स्ट्रोलर आणि बग्गी हे इंग्रजीतून आलेले शब्दही प्रचारात आहेत. मूल स्वतः उभे राहून ढकलते तो पांगुळगाडा आणि बाबागाडी ही दोन भिन्न साधने आहेत.

नवजात अर्भकासाठी बाबागाडी निवडताना मुलाची शारीरिक अवस्था, घराची रचना आणि परिसरातील रस्ते या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. यांपैकी पहिली गोष्ट सर्वत्र सारखीच असते. उरलेल्या दोन मात्र गावोगावी बदलतात. मुंबईतील दादरसारख्या दाट वस्तीच्या भागात त्यांना विशेष महत्त्व येते.

== इतिहास ==

इंग्लंडमधील वास्तुविशारद व उद्यानरचनाकार विल्यम केंट याने इ.स. १७३३ मध्ये डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी तयार केली. ती बकरी किंवा लहान तट्टू जोडून ओढण्यासाठी होती. एकोणिसाव्या शतकात मागून ढकलण्याच्या दांड्याची गाडी रूढ झाली, त्यामुळे चालताना मुलावर लक्ष ठेवणे सोपे झाले. अमेरिकेतील विल्यम रिचर्डसन याने १८८९ मध्ये मुलाची बैठक दोन्ही दिशांना फिरवता येईल अशा रचनेचे एकस्व मिळवले.

या काळातील गाड्या लाकूड, वेत व लोखंड यांच्या असत आणि बऱ्याच जड असत. ब्रिटिश राजवटीत मुंबईतील युरोपीय आणि सधन भारतीय कुटुंबांत अशा गाड्या वापरल्या जात. त्या ढकलण्याचे काम बहुधा आयाकडे असे.

ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणे मिटणारी हलकी बग्गी तयार केली. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. मिटवून हातात धरता येणाऱ्या या गाडीमुळे बाबागाडी बस, रेल्वे आणि लहान घरे यांत सामावू लागली.

== प्रकार ==

* '''पाळण्याची गाडी''' : हिच्यात सपाट तळाचा खोलगट पाळणा असतो. मूल पूर्ण आडवे निजते. नवजात अर्भकासाठी हा मूळ प्रकार होय. गाडी जड असते आणि मूल बसू लागल्यावर पाळण्याचा उपयोग संपतो.
* '''बैठकीची गाडी''' : हिची पाठ मागे झुकवता येते. पाठ पूर्ण आडवी होत असेल तरच ती नवजात अर्भकासाठी योग्य ठरते.
* '''छत्री-बग्गी''' : वजनाला हलकी आणि मिटल्यावर लांबट. बहुतेक छत्री-बग्ग्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही, म्हणून त्या मूल बसू लागल्यानंतर वापरतात.
* '''जोडसांगाडा''' : एकाच सांगाड्यावर आधी पाळणा व नंतर बैठक बसवता येते. काही गाड्यांवर मोटारीतील बालआसनही बसते.
* '''जुळ्यांची गाडी''' : शेजारी-शेजारी किंवा एकामागे एक अशा दोन बैठका असतात.

== नवजात अर्भकाच्या गरजा ==

नवजात अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेचे स्नायू दुर्बल असतात. अर्धवट बसलेल्या स्थितीत डोके पुढे झुकून हनुवटी छातीला टेकू शकते. अर्भकाची श्वासनलिका अरुंद व मऊ असल्याने त्यामुळे श्वासमार्ग अडू शकतो, आणि मूल रडून सूचना देईलच असे नाही. या कारणाने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार मूल स्वतः बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, ते पूर्ण आडवे निजेल अशीच गाडी वापरावी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मते स्ट्रोलर व बालआसन यांसारखी बसती साधने मुलाच्या नेहमीच्या झोपेसाठी वापरू नयेत.

गाडीतील गादी सपाट व टणक असावी आणि कडेला फट राहू नये. उशी, लोड किंवा जाड गोधडी तोंडावर येण्याचा धोका असल्याने त्या गाडीत ठेवत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे असणारी रचना सोयीची असते. मुलाचा चेहरा, श्वास आणि रंग यांवर सतत लक्ष राहते.

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत प्रसूतीनंतर सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर नेत नाहीत. त्यामुळे बाबागाडीचा प्रत्यक्ष वापर बहुधा दुसऱ्या महिन्यात सुरू होतो. तरीही तेव्हा मुलाची मान धरलेली नसते, म्हणून वरील निकष तसाच लागू राहतो.

== सुरक्षिततेची तपासणी ==

युरोपात बाबागाड्यांसाठी 'ईएन १८८८' हे मानक लागू आहे, तर २०२० मध्ये 'आयएसओ ३१११०' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. गाडीवरील मानकाचा उल्लेख पाहण्याबरोबरच पुढील गोष्टी दुकानातच तपासता येतात.

ब्रेक लावल्यावर गाडी उतारावर हलू नये. बैठकीच्या गाडीत पट्टा पाच टोकांचा असावा : दोन खांद्यांवरून, दोन कमरेजवळून आणि एक पायांमधून. सांगाडा उघडल्यावर तो आपोआप मिटणार नाही अशी दुहेरी कडी असावी. बिजागरीत बोट सापडण्याचा धोका खरा आहे : २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख मॅक्लारेन बग्ग्यांसाठी बिजागरी झाकणारी आवरणे देण्यात आली, कारण गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. गाडी उघडताना आणि मिटताना मूल दूर ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

दांड्याला जड पिशव्या अडकवल्यास गुरुत्वमध्य मागे सरकून गाडी उलटू शकते. सामान चाकांमधील खालच्या टोपलीत ठेवल्यास हा धोका राहत नाही.

== दादर परिसरातील वापर ==

=== घर व जिना ===

दादर आणि लगतच्या नायगाव, परळ भागात चाळी, जुन्या तीन-चार मजली इमारती आणि नवे मनोरे शेजारी-शेजारी आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या नायगावच्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती आणि इमारतींना उद्वाहन नव्हते. अशा घरांत गाडी मिटल्यावर किती जागा व्यापते, हा पहिला प्रश्न असतो. सामायिक गॅलरीत किंवा जिन्याखाली उघडी ठेवलेली गाडी शेजाऱ्यांच्या वाटेत येते आणि आगीच्या वेळी अडथळा ठरते.

जिना चढताना एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी असा प्रसंग येतो. दहा किलोंहून जड गाडी अशा वेळी एकट्याला पेलत नाही. जुन्या इमारतींतील सरकत्या जाळीच्या दारांची उद्वाहने अरुंद असतात. खरेदीपूर्वी दाराची मोकळी रुंदी मोजून ती गाडीच्या रुंदीशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते.

=== रस्ता व पदपथ ===

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 'आयआरसी १०३' या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. रानडे मार्ग आणि न. चिं. केळकर मार्ग या बाजारपेठांत फेरीवाले व खरेदीदारांच्या गर्दीमुळे इतकी मोकळी जागा क्वचितच मिळते. पेव्हर ब्लॉकच्या फटींत लहान कठीण चाके अडकतात. मोठी, रबरी व पुढे फिरणारी चाके असल्यास धक्के कमी बसतात. दुचाकींना अटकाव करण्यासाठी पदपथांवर बसवलेले खांब एकमेकांच्या जवळ असल्यास चाकाची खुर्ची व बाबागाडी या दोहोंची वाट बंद होते. या खांबांमुळे अपंगांना होणाऱ्या अडचणीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

१९२५ मध्ये लोकांसाठी खुले झालेले शिवाजी पार्क, त्याच्या कट्ट्याभोवतीची वाट आणि वृक्षाच्छादित हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी हे दादरमध्ये गाडी फिरवण्यास तुलनेने सोयीचे भाग आहेत.

=== प्रवास ===

मुंबईच्या बेट भागात रिक्षांना परवानगी नसल्याने दादरमध्ये टॅक्सी, बस व रेल्वे ही मुख्य साधने आहेत. अनेक टॅक्सींच्या मागील डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे मोठा सांगाडा तेथे मावत नाही. उपनगरी रेल्वेच्या गर्दीच्या वेळी गाडी मिटवून मूल कडेवर किंवा झोळीत घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करून ब्रेक लावावा लागतो, कारण फलाटांना उतार असू शकतो. सरकत्या जिन्यावर मूल असलेली गाडी नेणे धोक्याचे असते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो मार्गिका ३ वरील दादर या भुयारी स्थानकात उद्वाहनाची सोय आहे.

=== हवामान ===

मुंबईची हवा उष्ण व दमट असल्याने गाडीच्या कडा जाळीदार असणे आणि अस्तर धुण्यासाठी निघणे महत्त्वाचे ठरते. उन्हापासून संरक्षण म्हणून गाडीवर दुपटे किंवा ओढणी पांघरण्याची पद्धत घातक ठरू शकते : हवा खेळणे थांबून आतील तापमान झपाट्याने वाढते आणि मूल नजरेआड होते. त्याऐवजी गाडीचे छत व छत्री वापरतात. डास टाळण्यासाठी विरळ विणीची मच्छरदाणी लावतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे आवरण घालताना हवेची भोके उघडी ठेवावी लागतात. हिंदमाता परिसरासारख्या पाणी साचणाऱ्या भागात उघडे नाले व खड्डे दिसत नसल्याने गाडी नेणे टाळले जाते.

== पर्याय ==

सर्वच कुटुंबांना बाबागाडीची गरज असते असे नाही. उद्वाहन नसलेले घर आणि अरुंद रस्ते असल्यास कापडी झोळी किंवा अंगाला बांधायचे बालवाहक अधिक सोयीचे ठरतात. त्यातही मुलाचे नाक-तोंड मोकळे व दिसते असावे आणि हनुवटी छातीपासून दूर राहावी, हाच निकष लागू होतो. काही कुटुंबे पहिले सहा महिने झोळी वापरून मूल बसू लागल्यावर हलकी बग्गी घेतात. वापरलेली गाडी नातेवाइकांकडून घेताना ब्रेक, पट्टे, कड्या आणि चाकांची झीज पुन्हा तपासणे आवश्यक असते.