बाण कुठून निघतो?

२०२२ च्या पूर्वार्धात न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात एक अर्ज फिरला. वर्गात साधारण ३५० विद्यार्थी होते आणि त्यांतल्या ८२ जणांनी त्यावर सही केली. मेहनत करूनही त्या प्रमाणात गुण मिळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. शिकवणारे प्राध्यापक मेटलँड जोन्स ८४ वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी प्रिन्स्टनमध्ये अनेक दशकं शिकवलं होतं. पुढचं सत्र सुरू होण्याआधीच विद्यापीठाने त्यांचा करार संपवला. विद्यार्थी ढिले पडले की शिक्षक फार कडक होते, यावर अमेरिकेत बरीच चर्चा झडली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. जोन्स हे घोकंपट्टीच्या विरोधातले शिक्षक होते. विद्यार्थ्यांनी रेणूंविषयी विचार करून उदाहरणं सोडवावीत, यासाठी त्यांनी जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. म्हणजे ‘पाठ करू नका, समजून घ्या’ एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही.

याच न्यूयॉर्क विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिसन आणि रॉबर्ट बॉइड यांचं पाठ्यपुस्तक १९५९ मध्ये आलं. आपल्याकडे बी.एस्सी. केलेल्या कित्येक पिढ्यांना ‘मॉरिसन-बॉइड’ हे एकाच माणसाचं नाव वाटावं, इतकं ते घरोघरी पोचलं. पुस्तक पोचलं तशी धास्तीही पोचली. बारावीला नामांकित अभिक्रियांची यादी येते आणि अल्डॉल, कॅनिझारो, सँडमायर, राइमर-टीमन ही नावं पाठ होईपर्यंत परीक्षा उंबरठ्यावर आलेली असते. बी.फार्म.ला तर दुसऱ्या सत्रापासून चौथ्या सत्रापर्यंत हा विषय सलग भेटतो. ‘ऑरगॅनिकला केटी लागली’ हे हॉस्टेलवर ऐकलं, तर कुणी कारण विचारत नाही.

ही मुलं अभ्यास करत नाहीत, असं मला वाटत नाही. बहुतेक जण खूप करतात, आणि जे करतात ते या विषयाला लागू पडत नाही. दहावीपर्यंत ज्या पद्धतीने ९० टक्के मिळाले, तीच ते इथे आणखी जोर लावून वापरतात.

बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला एक नियम घेऊ. अल्किल हॅलाइडवर जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली की अल्कोहोल मिळतं आणि अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची केली की अल्कीन मिळतं. दोन ओळी, दोन गुण. आता हाच नियम घेऊन पुढच्या वर्गात गेलं की काय होतं, ते पाहा. अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्साइड विरघळवलं की त्यातून बऱ्याच प्रमाणात इथॉक्साइड तयार होतं. ते २-ब्रोमोप्रोपेनवर सोडून किंचित तापवलं, तर सुमारे चार पंचमांश रेणूंचं अल्कीन होतं, म्हणजे नियम टिकला. ब्रोमोइथेनवर तीच क्रिया केली, तर अल्कीन जेमतेम एखादा टक्का मिळतं आणि बाकी जवळजवळ सगळं ईथर होतं. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडवर केली, तर जवळपास सगळंच अल्कीन. पाठ केलेली ओळ तीनपैकी एका ठिकाणी सपशेल तोंडघशी पाडते.

इथॉक्साइडच्या नजरेतून पाहिलं, तर मात्र यात विसंगती उरत नाही. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी आहे आणि ती द्यायला दोन जागा आहेत. ब्रोमीन ज्या कार्बनला चिकटलाय त्या कार्बनवर मागच्या बाजूने जायचं, नाहीतर शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलायचा. ब्रोमोइथेनमध्ये कार्बनपर्यंतची वाट मोकळी आहे, म्हणून ते थेट तिथे जातं आणि ईथर बनतं. २-ब्रोमोप्रोपेनमध्ये दोन मेथिल गट वाट अडवतात. बाहेरच्या बाजूचा हायड्रोजन हाताशी असतो, म्हणून बहुतेक वेळा तोच उचलला जातो. तिसऱ्या उदाहरणात तीन मेथिल गटांमुळे वाट बंदच होते. पाण्यात मात्र हायड्रॉक्साइडभोवती पाण्याच्या रेणूंचा वेढा पडतो आणि हायड्रोजन उचलण्याची त्याची ताकद कमी होते. एवढं डोळ्यांसमोर आलं, की चौथा रेणू दिला तरी उत्तराचा अंदाज बांधता येतो.

हे ‘डोळ्यांसमोर येणं’ कागदावर एका खुणेने दाखवतात, ती म्हणजे वाकडा बाण. रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम कर्मॅक यांनी १९२२ च्या एका शोधनिबंधात हा बाण पहिल्यांदा वापरला. (कर्मॅक यांची दृष्टी दोनच वर्षांनी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली. पुढे त्यांनी मॅकेंड्रिक यांच्यासोबत साथीच्या फैलावाचं प्रसिद्ध गणित मांडलं आणि ते तपासायला १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे घेतले.) रॉबिन्सन यांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्याकडे मँचेस्टरला शिकलेले के. वेंकटरामन १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. बाण काढणाऱ्यांची ही परंपरा आपल्या दारात पोचून बराच काळ झाला. वर्गात मात्र तो बाण अजून रुजलेला नाही.

बाणाचा नियम अगदी साधा आहे. शेपूट इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर किंवा बंधावर ठेवायचं आणि टोक ती जोडी जिथे जाते तिथे. तरी उत्तरपत्रिकांत बाण धन प्रभार असलेल्या हायड्रोजनापासून ऑक्सिजनकडे निघालेले दिसतात, कारण आपल्या मनात ‘हायड्रोजन जाऊन चिकटतो’ असं चित्र असतं. त्या हायड्रोजनाकडे द्यायला एकही इलेक्ट्रॉन नाही, इकडे लक्ष जात नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कार्बनला पाच बंध. नवा बंध काढला आणि जुना तोडायचा राहिला.

अमेरिकेत यावर बारकाईने अभ्यास झाला आहे. २००५ मध्ये भट्टाचार्य आणि बोडनर यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभिक्रियेची यंत्रणा, म्हणजे ती कोणत्या पायऱ्यांनी घडते ते, लिहायला सांगितली. ती मुलं बाण काढत होती आणि बऱ्याचदा योग्य उत्तरापर्यंतही पोचत होती. पण त्या बाणाचा भौतिक अर्थ विचारला, तर तो उत्तरापर्यंत नेतो, यापलीकडे अनेकांना फारसं सांगता येत नव्हतं. पुढे मेलनी कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की पदवीचे अनेक विद्यार्थी आधी उत्तर लिहितात आणि मग त्यावर बाण चढवतात. रांगोळी पूर्ण झाल्यावर ठिपके मांडावेत, तसा हा प्रकार. ठिपके दिसतात बरोबर जागी, पण रांगोळी त्यांच्यावरून काढलेली नसते. नव्या प्रश्नात उत्तर आधी ठाऊक नसतं, आणि तिथेच हे विद्यार्थी अडतात.

दुसरी अडचण त्रिमितीची. पुदिन्याला वास देणारं कार्व्होन आणि बाळंतशेपांना वास देणारं कार्व्होन यांचं रासायनिक सूत्र एकच आहे: १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. कोणता अणू कोणाला जोडलाय, तेही सारखंच. फरक फक्त एका कार्बनभोवतीच्या मांडणीत आहे, आणि एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. नाकाला हा फरक एका क्षणात कळतो. कागदावर तो एका भरीव पाचरीने आणि एका तुटक रेघेने दाखवतात, आणि ती पाचर वाचून मनात रेणू उभा करणं कुणालाच जन्मतः येत नाही. फिशर प्रक्षेपणातून न्यूमन प्रक्षेपणात जाताना कितीतरी हुशार मुलं गोंधळतात. चेंडू-काड्यांची प्रतिकृती हातात दिली, तर यातला निम्मा गोंधळ मिटतो. अनेक महाविद्यालयांत ती प्रतिकृती कपाटात कुलपाआड असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता या सगळ्याचा भार कुठे पडतो? ग्लासगोचे रसायनशिक्षक ॲलेक्स जॉनस्टोन यांनी दाखवलं, की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं: परीक्षानळीत दिसणारा बदल, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरच्या खुणा. जाणकार या पातळ्यांवर सहज ये-जा करतो. नवख्याला तिन्ही एकदम सांभाळायच्या असतात, आणि माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. प्रश्नातल्या पायऱ्या त्या मर्यादेपलीकडे गेल्या, की उत्तरं हळूहळू बिघडत नाहीत, एकदम कोसळतात, हेही जॉनस्टोन यांच्याच अभ्यासात दिसलं. जाणकाराला कार्बोनिल गट ही एक वस्तू दिसते. नवख्याला तिथे कार्बन, ऑक्सिजन, दोन बंध, इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या आणि अंशतः प्रभार असे सुटे तुकडे दिसतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला अकरावीपासून याच्या जोडीला इंग्रजी वाक्यही उलगडायचं असतं. ती मागे पडली, तर तिची बुद्धी मोजू नये.

मग मुलं कशी निभावतात? खोलीच्या भिंतीवर अभिक्रियांचा तक्ता लागतो. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून ‘इम्पॉर्टंट’ची यादी निघते. रात्री दीडपट वेगाने व्हिडिओ पाहिले जातात. आद्याक्षरांची गमतीदार वाक्यं तयार होतात. यांतलं काहीच निरुपयोगी नाही, कारण अभिकर्मकांची नावं आणि गटांची ओळख शेवटी लक्षात ठेवावीच लागते. पण व्हिडिओत शिक्षक बाण काढत असताना आपल्याला कळल्यासारखं वाटतं, त्यात मोठी फसगत आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. पण मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणारे आठवड्यानंतर पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

ज्यांना हा विषय साधतो, ती मुलं सहसा कोऱ्या कागदावर काम करतात. अभिक्रियेची सुरुवात तेवढी लिहायची, पुस्तक मिटायचं आणि बाण काढत शेवटापर्यंत जायचं. अडलं की नेमकं कुठे अडलं, त्यावर खूण करायची. प्रत्येक बाण काढताना तोंडाने बोलायचं, तेही मराठीत: ‘या ऑक्सिजनकडे जोडी आहे, या कार्बनला तिची गरज आहे, म्हणून ती इकडे येते. आता कार्बनला पाच बंध होतील, म्हणून हा बंध सुटतो.’ मैत्रिणीला समोर बसवून तिने ‘का?’ विचारायचं, हे त्याहून चांगलं. या पद्धतीने दिवसाला पाच यंत्रणा झाल्या तरी पुष्कळ झाल्या. महिनाभरात लक्षात येतं, की ग्रिन्यार, अल्डॉल, कॅनिझारो आणि सायनोहायड्रिन या चार वेगळ्या धड्यांत मुख्य चाल एकच आहे: इलेक्ट्रॉनांनी समृद्ध काहीतरी कार्बोनिलच्या कार्बनवर येतं आणि ऑक्सिजनकडे ऋण प्रभार जातो. मग चार अभिक्रिया पाठ कराव्या लागत नाहीत. एक चाल कळते आणि तिच्या मागचे-पुढचे फरक तेवढे लक्षात ठेवायचे उरतात.

पण हे शोधण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर का असावी? कॅनडात ओटावा विद्यापीठात ॲलिसन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासक्रमच उलटा मांडला. एकही अभिक्रिया शिकवण्याआधी तिथे बाणांची भाषा शिकवतात, वाचायला आणि लिहायलाही. नंतर अभिक्रिया येतात त्या अल्कोहोल, अल्डिहाइड, अमाइन अशा प्रकरणांनी नव्हे, तर यंत्रणेच्या साम्यानुसार, सोप्यापासून अवघडाकडे. आपल्याकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात. पण पहिल्या सत्रातले पहिले काही ट्युटोरियल फक्त बाणांना द्यायला कुणाची मंजुरी लागत नाही.

प्रश्नपत्रिकेलाही हात घालावा लागेल, कारण मुलं शेवटी प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करतात. ‘टीप लिहा: कॅनिझारो अभिक्रिया’ असा प्रश्न दरवर्षी येत असेल, तर टीप पाठ करणं हेच शहाणपण ठरतं. त्याऐवजी तीन ब्रोमाइड द्या, त्यांतल्या कशातून जास्त अल्कीन मिळेल ते विचारा आणि एक गुण उत्तराला, तर तीन गुण कारणाला ठेवा. चुकीचा बाण काढलेली यंत्रणा छापा आणि चूक शोधायला सांगा. असे प्रश्न काढायला शिक्षकाला जास्त वेळ लागतो, तपासायला मात्र फारसा लागत नाही. आणि एकदा ते प्रश्नपत्रिकेत दिसू लागले, की भिंतीवरच्या तक्त्याशेजारी कोरे कागद आपोआप येतील.