मोरीचे पाणी आणि चैत्रातील परसबाग

वसंत ऋतू म्हणजे पालवी, मोहोर आणि कोकिळेचे कूजन, ही पाठ्यपुस्तकांनी रुजविलेली समजूत मराठवाड्यात अर्धीच खरी ठरते. चैत्रात कडुलिंब फुलतो, आंब्याला कैऱ्या धरतात, हे खरेच; परंतु याच सुमारास आडाचे पाणी तळाला जाते, विंधन विहिरी थांबून थांबून पाणी देऊ लागतात आणि नळ किती दिवसांनी येणार, ही घरोघरची चर्चा होऊन बसते. अशा दिवसांत लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी घरामागे भाजीपाला व चार फळझाडे जोपासावीत असे कोणी सुचविले, तर ती सूचना पाणी असणाऱ्यांचा छंद म्हणून झटकून टाकण्याकडेच अनेकांचा कल राहील. मात्र या प्रश्नाचा निकाल भावनेने नव्हे, तर हिशेबाने लावावयास हवा.

आक्षेप गंभीर आहे

२०१६ चा उन्हाळा लातूर जिल्हा विसरू शकणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लावण्याची पाळी आली आणि १२ एप्रिल रोजी सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्या गाडीला १० टाक्या होत्या व त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या प्रदेशाने पिण्याचे पाणी रुळांवरून येताना पाहिले, तेथे भेंडीच्या वाफ्याला पिण्याचे पाणी सोडणे समर्थनीय ठरणार नाही. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. परसबागेचे समर्थन करावयाचे असेल, तर ते एकदा वापरून झालेल्या पाण्याच्या आधारेच करता येईल.

येथे परदेशातील दाखले जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नागरिकांना घरोघरी भाजीपाला पिकविण्याचे आवाहन केले, तेव्हा तेथे उणीव होती ती जमिनीची. म्हणून सार्वजनिक उद्यानेही खणली गेली. पावसाची चिंता त्या देशाला नव्हती. लातूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतांशी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत. फाल्गुन ते वैशाख या काळात येथील परसबागेचा आकार घरामागच्या मोकळ्या जागेवरून नव्हे, तर न्हाणीतून वाहणाऱ्या पाण्यावरून ठरतो.

पाण्याचे अंदाजपत्रक

ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर पाणी लागते. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात गृहीत धरतात. म्हणजे २२० लिटर. त्यातून शौचालयाचे व कपडे धुण्याचे पाणी वगळले आणि टंचाईच्या दिवसांतील कपातही जमेस धरली, तरी आंघोळीचे, भांड्यांचे व भाज्या-धान्य धुतल्याचे मिळून शंभर लिटर पाणी हाती लागावयास हरकत नसावी.

आता खर्चाची बाजू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. मार्च-एप्रिलच्या उन्हात आच्छादन केलेल्या भाजीच्या वाफ्याला दररोज सहा-सात मिलिमीटर पाणी लागते, असे धरल्यास शंभर लिटरमध्ये पंधरा चौरस मीटर जागा भिजते. पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद एवढी ही जागा झाली. यापेक्षा मोठी बाग उन्हाळ्यात राखू पाहणारा एक तर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी वापरतो, नाही तर वैशाखात वाळलेल्या वेली पाहतो.

एवढ्याशा जागेतून मिळते काय? भेंडीचे उत्पादन हेक्टरी दहा टन धरले, तर ते चौरस मीटरला एक किलो पडते. पंधरा मीटरांतून पंधरा किलो. दोन महिन्यांच्या तोडणीत रोज पाव किलो. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगितले आहे. पाच जणांची ती गरज दोन किलोंची होते. म्हणजे परसबाग फार तर तिचा आठवा हिस्सा भागवील. बाजाराला रामराम ठोकण्याची भाषा त्यामुळे फोल आहे.

परंतु हा आठवा हिस्सा कोणता, याला महत्त्व आहे. महिनाअखेरीस हात आखडला की कुटुंब कांदा-बटाटा सोडत नाही. कात्री लागते ती पालेभाजी, लिंबू, पपई अशा वस्तूंना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शेवग्याचा पाला व त्यासोबत लिंबाची फोड हे त्यावरील औषध नव्हे. तथापि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. दाराशी असलेली वस्तू पानात वाढली जाते. विकत आणावयाची ती पुढच्या बाजारावर ढकलली जाते.

म्हणून लागवडीची निवडही पाण्याच्या हिशेबानेच व्हावी. शेवगा, कढीपत्ता व सीताफळ ही झाडे एकदा मूळ धरल्यावर फारसे पाणी मागत नाहीत. मोरीच्या तोंडाशी केळ किंवा कर्दळ लावली, तर ओल तेथे मुरते. पुढे लिंबू व पपईची आळी आणि त्यापलीकडे भेंडी, गवार, दोडक्याचे वाफे. धुण्याच्या सोड्यातील क्षार काळ्या जमिनीला घट्ट व चिवट करतात, म्हणून ते पाणी वेगळे काढणे अगत्याचे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला, मुळ्याला मोरीचे पाणी देऊ नये. आच्छादनासाठी सोयाबीनची गुळी आणि वेलींच्या मांडवासाठी तुराट्या या भागात सहज मिळतात.

नऊ टन पाणी कोणी उचलावयाचे?

इथवरचा हिशेब समाधानकारक वाटला, तरी त्यात एक रक्कम मांडावयाची राहिली आहे. रोजचे शंभर लिटर पाणी म्हणजे पंधरा लिटरच्या सात बादल्या. नव्वद दिवसांत हे वजन नऊ टन भरते. ते न्हाणीपासून वाफ्यापर्यंत कोण नेते, याचे उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात गुंतलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. पुरुष ९७ मिनिटे. त्या २९९ मिनिटांत परसबागेची आणखी वीस मिनिटे मिसळली, तर कुटुंबाला भाजी फुकट मिळाल्यासारखी भासते. कारण जिचे श्रम लागले, तिला मजुरी मागण्याचा प्रघात नाही.

रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह याने १९२५ साली शेतकरी कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेविषयी हेच दाखविले होते. कुटुंब स्वतःच्या श्रमाचे मोल बाजारभावाने करीत नाही. म्हणून जेथे मजूर लावून शेती तोट्यात जाईल, तेथेही ते राबत राहते. आपल्या आकडेशास्त्राने या विसंगतीत भर घातली आहे. स्वतःच्या वापरासाठी पिकविलेला भाजीपाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येत बसतो. मात्र तो पिकविणारी गृहिणी श्रमशक्तीच्या पाहणीत बहुधा ‘घरकाम करणारी’ म्हणून नोंदली जाते व श्रमशक्तीच्या बाहेर राहते. गवारीला देशाच्या जमाखर्चात स्थान आहे. तिला पाणी घालणारीला नाही.

उतार हाच उपाय

या श्रमावर पुरुषांनी व मुलांनी वाटा उचलणे हा एक उपाय आहे व तो आजपासून करता येतो. दुसरा उपाय बांधकामाचा आहे. मोरीचा उतार रस्त्याकडे न ठेवता परसाकडे ठेवला, मध्ये वाळू-खडीचा लहानसा गाळणखड्डा केला, तर सातही बादल्या वाचतात. घर बांधताना या कामाचा खर्च नगण्य असतो. फरशी बसल्यानंतर तो जड वाटतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या गटारांपासून व डासांपासून सुटका करून घेतली आणि तो प्रयोग ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. त्याच्याच अलीकडे एक पायरी जोडावयाची आहे : पाणी आधी वाफ्याला, उरलेले शोषखड्ड्याला. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेव्हा खड्ड्यावरील भारही हलका होईल. बांधकाम परवाना देताना नगरपंचायतींनी एवढी अट घातली, तर तिजोरीवर बोजा पडणार नाही.

तालुक्याच्या गावी जागेचे भाव वाढले आहेत. परसात भाड्याची खोली किंवा रस्त्याच्या बाजूस दुकानाचा गाळा काढणे घरमालकाला फायद्याचे वाटते व त्याचा हिशेब चुकीचाही नाही. शिक्षक, कारकून व विद्यार्थी तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या वाट्याला गच्चीवरचे चार डबे येतात. परंतु पाच मीटर बाय तीन मीटर एवढा तुकडा सोडणे बहुतेक नव्या घरांना अशक्य नाही. अधिक जागा सोडून उपयोगही नाही; कारण पाणी तेवढ्यालाच पुरते.

दुष्काळी भागात परसबाग हे संपन्नतेचे लक्षण मानण्याची चूक आजवर झाली. वस्तुतः ती काटकसरीची कसोटी आहे. ज्या घरात पाणी दोनदा वापरले जाते आणि ते वाहण्याचे काम एकाच व्यक्तीच्या माथी मारले जात नाही, त्या घराची बाग चैत्रात हिरवी राहिली तर कोणी हरकत घेऊ नये. या दोन अटी ज्या घराला पाळता येत नाहीत, त्याने पावसाळ्याची वाट पाहावी, हेच बरे.