मुहूर्त साडेबाराचा, ताबा रात्री दोनला

"मंडपवाला ओळखीचा, आचारी गावाकडचा, भावकी पन्नास घरांची. मग इव्हेंटवाल्याला पैसे कशाचे द्यायचे?" मुकुंदवाडीत सुपारी फुटली की हा प्रश्न कुणीतरी काढतोच, आणि तो अगदीच चुकीचा नाही. जालना रोड आणि बीड बायपासच्या पट्ट्यात लॉन आणि मंगल कार्यालयं भरपूर आहेत, साऊंड-लाइटवाले एका फोनवर मिळतात. माणसं मिळवून देणं हे प्लॅनरचं काम असतं, तर त्याची गरज खरोखर नव्हती. अडचण माणसं मिळाल्यानंतर सुरू होते, आणि त्याबद्दल यजमानांच्या मनात जेवढे गैरसमज असतात तेवढेच या धंद्यात नव्याने उतरलेल्या पोरांच्याही मनात असतात.

पहिला गैरसमज धावपळीचा. प्लॅनर म्हणजे कानाला एक फोन, हातात दुसरा, घामाघूम, "मी नसतो तर काही झालं नसतं" असं म्हणणारा. यजमानाला हे दृश्य आवडतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण कार्यक्रमाच्या दिवशी मुख्य माणूस पळत असेल तर आदल्या आठवड्यात काहीतरी राहून गेलंय, एवढाच त्याचा अर्थ.

दाट तिथीचा एक नेहमीचा दिवस घ्या. लॉनवर आदल्या रात्री दुसऱ्या पार्टीचं रिसेप्शन आहे. ते बारापर्यंत चालतं, आवराआवर होऊन ताबा मिळतो रात्री दोनला. आपला मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. हातात साडेदहा तास दिसतात, पण ते सगळ्यांना एकाच वेळी वापरता येत नाहीत. आधी स्टेजचा सांगाडा आणि लाइटचे ट्रस उभे राहायचे, मग वायरिंग, मग कापड आणि झालर, मग कार्पेट, आणि फुलं सगळ्यात शेवटी. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पहाटे चारला लावलेली शेवंती मुहूर्तापर्यंत मान टाकते. आता लाइटवाला दोन तास उशिरा आला असं धरा. कार्पेटवाला थांबत नाही, त्याला पुढे दुसरं लॉन गाठायचंय. तो कार्पेट अंथरून निघून जातो. मग लाइटवाल्याची लोखंडी घोडी त्याच नव्या लाल कार्पेटवरून ओढली जाते, चाकाखाली शिवण उसवते, आणि फुलवाला टोपल्या घेऊन सावलीत बसून राहतो. इथे आळशी कुणीच नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलंय. बिघडलं ते एकाने दुसऱ्याच्या हाती काम देण्याच्या जागी. प्लॅनरचं खरं काम त्या जागांवर असतं. मुहूर्तापासून उलटं मोजत यायचं, कोणाचं काम कोणावर अडलंय ते कागदावर मांडायचं, आणि लाइटवाल्याला "सकाळी लवकर या" असं न सांगता "तुमच्यामागे कार्पेटवाला उभा आहे, तुम्ही साडेचारला खाली उतरला पाहिजे" असं सांगायचं. दुसरं वाक्य ऐकलेला माणूस उशीर होणार असेल तर आधी फोन करतो.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: उशीर होतोय, माणसं वाढवा. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 साली त्याची आकडेवारी छापली. एकटा माणूस जेवढा जोर लावतो त्याच्या जेमतेम निम्मा जोर तो आठ जणांच्या गटात लावत होता. काही घट जोर एकाच क्षणी न लागल्यामुळे, काही "बाकीचे ओढतायत की" या भावनेमुळे. पुढे मानसशास्त्रज्ञांनी या दोन्ही कारणांचा वेगवेगळा अभ्यास केला. मंडपात दोन्ही एकत्रच दिसतात. शिवाय बोलण्याचा हिशेब निराळा. सहा जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात 15. माणसं दुप्पट करून बारा केली की जोड्या होतात 66. मुहूर्ताच्या दोन तास आधी आठ नवी पोरं आणली तर त्यांना काम समजावून सांगण्यात जुने चार अडकतात, हे मंडपवाल्यांना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक असतं. म्हणूनच जुना मंडपवाला आयत्या वेळची गर्दी बाजूला काढतो आणि खुर्च्या पुसायला लावतो.

मग भावकीचं काय? इथे उलटा गैरसमज शहरी प्लॅनरचा असतो. घरची माणसं म्हणजे अडथळा, त्यांना सोफ्यावर बसवा आणि हातात सरबत द्या, असं त्याला वाटतं. मराठवाड्यात राहून असं म्हणणाऱ्याने गंगागिरी महाराजांच्या सप्ताहातली पंगत एकदा बघून यावी. वैजापूर तालुक्यातल्या सराला बेटाच्या परंपरेतला हा अखंड हरिनाम सप्ताह. आमटी-भाकरीचा महाप्रसाद, जेवणारे लाखांच्या घरात. आमटी जागेवर शिजते, भाकरी मात्र आसपासच्या गावांतून घरोघरी थापल्या जातात आणि वाहनांतून येतात. काम कसं कापलंय बघा. एका घरची भाकर उशिरा आली म्हणून दुसऱ्या घरची अडत नाही. प्रत्येकीला आपलं काम पुरतं माहीत आहे, आणि एकमेकींवर अवलंबून राहायची वेळ अगदी शेवटी, वाढताना येते. भावकीला असंच काम द्यावं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, आहेराची वही, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या, देवक आणि पूजेचं साहित्य. ही कामं बाहेरचा माणूस करूच शकत नाही, कारण कोणता मामा कोणाशेजारी बसत नाही ते त्याला ठाऊक नसतं. जनरेटर, गॅस आणि साऊंड मात्र काकांच्या हाती द्यायचा नाही, ते कितीही उत्साही असले तरी.

जेवणावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त बोलणी प्लॅनरला तिथेच बसतात आणि सगळ्यात जास्त खापर चुकीच्या माणसावर तिथेच फुटतं. आपल्याकडे अक्षता पडल्या की मंडप एकदम उठतो. आठशे माणूस पाच मिनिटांत जेवणाकडे वळतो. रांग हलली नाही की यजमान म्हणतात, वाढपी कमी आणले. बहुतेक वेळा वाढपी पुरेसे असतात. रांगेचा वेग तिच्यातल्या सगळ्यात सावकाश भांड्याएवढा असतो. समजा बाकी पदार्थ ताटात पडायला प्रत्येकी सात-आठ सेकंद लागतात, पण गरम पुरीसाठी माणूस पंधरा सेकंद थांबतो. मग एका रांगेतून मिनिटाला चारच जण सुटतात. चार रांगा असल्या तर सोळा. आठशे जणांना पन्नास मिनिटं. भातापाशी आणखी तीन वाढपी उभे केले तरी पन्नासच, कारण भात कधी अडलाच नव्हता. पुरी रांगेतून काढा, टोपल्या देऊन दोन-तीन पोरं टेबलांमध्ये फिरवा, आणि बाकीची रांग आठ सेकंदांवर आली तर तेच आठशे सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांत निघतात. इस्रायली व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 मध्ये कारखान्यांसाठी हाच विचार एका कादंबरीतून मांडला आणि ती जगभर खपली. चिकलठाणा एमआयडीसीत लाइनवर काम करणाऱ्या कुठल्याही सुपरवायझरला तो नवा वाटणार नाही. मुकुंदवाडीतल्या कित्येक घरांत असा एखादा सुपरवायझर आहे. घरच्या लग्नात त्याला हार-तुऱ्यांपेक्षा जेवणाच्या रांगेपाशी उभं करावं.

पाण्याची वेगळीच गोष्ट. बाहेरगावचा प्लॅनर लॉनवर नळ बघून निश्चिंत होतो. शहराला पाणी पैठणजवळच्या जायकवाडीतून येतं आणि नळाला ते रोज येत नाही. 2019 मध्ये मुकुंदवाडीची शाळकरी मुलं रेल्वेत बसून औरंगाबाद स्टेशनवरून पाणी भरून आणत होती, ती बातमी जगभर गेली होती. इथल्या नियोजनात टँकर ही शेवटची नव्हे, पहिली ओळ असते. त्यातही पिण्याचे जार एकाकडे, हात धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी दुसऱ्याकडे. दोन्ही एकाच्याच हाती दिलं तर ऐनवेळी पिण्याचं पाणी भांड्यांकडे जातं.

"लॉन बुक केलं म्हणजे परवानग्या आल्याच" हा समज सगळ्यात महाग पडतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. "बारापर्यंत सूट असते की" असं डीजेवाला छातीठोकपणे सांगतो. ती सूट सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवसांची, आणि दिवस सरकारी यंत्रणा ठरवते. तुमच्या भाच्याची हळद त्यात बसत नाही. डीजे बंद करायला पोलीस येईपर्यंत वाट बघण्यापेक्षा साडेनऊला शेवटचं गाणं लावायचं, आणि हे नवरदेवाच्या मित्रांना दुपारीच सांगून ठेवायचं.

ड्रोनचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. फोटोग्राफर पॅकेजमध्ये ड्रोन लिहून देतो, यजमान खूश. पण 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत हवाई नियंत्रणाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. चिकलठाणा विमानतळ मुकुंदवाडीच्या उशालाच आहे. वरातीचे वरून घेतलेले शॉट हवेच असतील तर परवानगी कोण काढणार हे इसार देतानाच लिहून घ्यावं, नाहीतर दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एक कॅमेरा ठेवावा. फरक फारसा कळत नाही.

मंडपाच्या बाबतीत मात्र हसून सोडण्यासारखं काही नाही. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवाली इथे शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि 442 माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक मुलं होती. वर सिंथेटिक कापड, बाहेर पडायची वाट अपुरी. आपल्या शहरात 29 ऑक्टोबर 2016 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार जळाला. तात्पुरत्या उभारणीत आग किती झपाट्याने पसरते ते शहराने डोळ्यांनी पाहिलं. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 8758. त्यात सिंथेटिक कापड आणि दोर नकोत, विजेच्या तारांखाली मंडप नको आणि रेल्वेमार्गापासून पंधरा मीटर अंतर हवं असं म्हटलंय. मुकुंदवाडी स्टेशनच्या आसपास मोकळी जागा बघून मंडप टाकणाऱ्याने हे शेवटचं वाक्य आधी वाचावं. आणि एक वाट बंद करून तिथे फुलांची सेल्फी भिंत उभारायची टूम निघालीय, तिला प्लॅनरने सरळ नाही म्हणावं. यजमान दोन दिवस रागावतील.

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, सगळे त्यात आहेत." असतील. चाळीस जणांच्या ग्रुपवर पडलेला निरोप सगळ्यांनी वाचलेला असतो आणि कुणीच घेतलेला नसतो. निरोपात एका माणसाचं नाव आणि एक वेळ नसेल तर त्याला काम म्हणू नये. अनुभवी लोक आणखी एक म्हणतात, यादी नवशिक्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एका कागदावर मावणारी यादी केली, तेव्हा निष्णात सर्जनही असंच म्हणाले होते. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होतं, ज्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. 2009 साली आलेल्या निष्कर्षात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्या यादीतला एक भाग असा, की सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. लग्नाच्या सकाळी सहाला मंडपवाला, लाइटवाला, आचारी, फुलवाला यांना चहाला एकत्र उभं करून हेच करता येतं. ते शहरात वर्षानुवर्षं एकाच लॉनवर येतात-जातात, तरी एकमेकांचे नंबर त्यांच्याकडे नसतात. कार्पेटवाल्याकडे लाइटवाल्याचा नंबर असता तर मघाचं कार्पेट फाटलं नसतं.

कारण ही टीम प्लॅनरच्या पगारावर नाहीच. आचाऱ्याचा धनी वेगळा, साऊंडवाल्याचा वेगळा, आणि दाट तिथीला प्रत्येकाने त्या दिवसाच्या दोन-तीन सुपाऱ्या घेतलेल्या असतात. हुकूम चालत नाही. ज्याच्या कामात त्यांचा वेळ फुकट जात नाही त्याच्याकडे ते आधी येतात. आणि हिशेब कधी मिळतो हेही ते बघतात. म्हणून शेवटचा पाहुणा गेल्यावर प्लॅनर घरी जातो हा समजही खरा नाही. जनरेटरच्या मीटरवरचे तास लिहायचे, केटररची भांडी मोजून गाडीत चढवायची, उरलेलं अन्न खराब व्हायच्या आत कुणाकडे जाणार ते आधीच ठरवलेलं असावं, पुढच्या पार्टीला ताबा द्यायचा. वाढप्यांची आणि हमालांची मजुरी त्याच रात्री रोख, त्यांच्या मुकादमासमोर मोजून. "उद्या या" म्हणणाऱ्या प्लॅनरला पुढच्या मे महिन्यात वाढपी मिळत नाहीत, मग भावकी पन्नास घरांची असो की पाचशे.