थंडीत पिलांना ऊब कशी द्यावी?



पौषाच्या दिवसांत पांढुर्णा व सौंसर भागात दुपारी ऊन असले तरी पहाटे चांगलाच गारठा पडतो. अशा वेळी आदल्या दिवशी टुणटुणीत असलेली कोंबडीची पिले सकाळी कोपऱ्यात ढीग होऊन मेलेली आढळतात. मग रोग आला, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा कारण साधे असते. पिले गारठतात, उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

सापाला अंगची ऊब नसते. तो ऊन खाऊन तापतो. पहिले काही दिवस पिलांचीही अवस्था जवळजवळ तशीच असते. अंगावर नुसती लव असते, पिसे नसतात. म्हणून ऊब बाहेरूनच द्यावी लागते. खुडूक कोंबडी दहा-बारा पिले पंखांखाली सांभाळते. जेरुसलेमसाठी शोक करताना प्रभू येशूने हाच दाखला दिला. पण पन्नास पिले विकत आणली, तर ते काम आपणच केले पाहिजे.

पत्रा किंवा जाड पुठ्ठा दीड फूट उंच घेऊन त्याचे गोल कडे करावे. कोपरा राहिला नाही, म्हणजे ढीग होत नाही. खाली दोन इंच लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले पसरावीत. हिवाळ्यात पिलामागे दोन वॅट असा हिशेब धरावा. पन्नास पिलांना साठ वॅटचे दोन दिवे पुरतात. एकच मोठा दिवा लावू नये; तो रात्री गेला तर सगळीच पिले गारठतील. दिवे जुन्या पद्धतीचे, तारेचे हवेत. एलईडी दिव्याने उजेड पडतो, पण पुरेशी ऊब मिळत नाही. वर बांबूचे टोपले उपडे टांगावे व दिवा टोपल्याला किंवा भुशाला टेकू देऊ नये. सगळा भार वीजवाहक वायरवर न देता साखळीने टांगावे.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता असावी. पुढे दर आठवड्याला दिवे थोडे वर घेऊन ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी. थर्मामीटर नसला तरी पिलेच सांगतात. दिव्याखाली गर्दी केली, तर थंडी वाजते आहे. दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली, तर दुसरीकडून वारा लागतो आहे. तिकडे पोते बांधावे. सर्वत्र पसरून खात-पीत असतील, तर सारे ठीक आहे.

वीज गेली तर झाकणाच्या डब्यात किंवा बाटल्यांत गरम पाणी भरून, त्यांना पोते गुंडाळून मध्ये ठेवावे. पाणी निवले की बदलावे. परंतु बंद खोलीत पऱ्हाटीची किंवा कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो पिलांना मारतोच, पण शेजारी झोपलेल्या मुलाबाळांचाही जीव घेतो. पिलांपायी घरातले माणूस गमावू नका.

आणखी एक सूचना. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. म्हणून दाणा झाकून ठेवावा, फटी बारीक जाळीने बंद कराव्यात व रात्री बॅटरी घेतल्याशिवाय हात घालू नये. साप दिसला तर दूर राहून वनखात्याला कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे नाग, घोणस, धामण असे साप मारणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. दंश झालाच, तर झाडफुकीत वेळ न दवडता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

दोन दिवे, एक टोपले आणि रात्री एकदा उठून पाहणे, एवढ्यावर बहुतेक पिले वाचतात. त्यांतला उठून पाहण्याचा भाग मात्र विकत मिळत नाही.