पुण्यातला एसी, चंद्रपूरचा धूर: विकास आणि कार्बनचं साधं गणित

५,००० एमएएचचा फोन रोज पूर्ण चार्ज केला, तर वर्षभरात साधारण ८ ते ९ युनिट वीज लागते. इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा जुना एसी तेवढी वीज एका रात्रीत खातो. म्हणजे चार्जरचं बटण बंद करण्यापेक्षा मोठा प्रश्न हा, की पगार वाढल्यावर आपण काय विकत घेतो?

देशाचंही तसंच आहे. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी ते असं मांडलं:

उत्सर्जन = लोकसंख्या × दरडोई जीडीपी × जीडीपीमागे लागणारी ऊर्जा × ऊर्जेमागे निघणारा कार्बन

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे चार व्हेरिएबलचं फंक्शन दिसतं. यातलं कुठलं बदलता येईल?

लोकसंख्या पटकन बदलत नाही. दरडोई जीडीपी कमी करायचा म्हणजे लोकांना गरीब ठेवायचं. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. ज्याच्या घरी अजून कूलरही नाही, त्याला 'वीज वाचव' कुठल्या तोंडाने सांगायचं?

राहिले दोन. तिसऱ्यात पुणं पुढे दिसतं. हिंजवडीत कोड विकला जातो, त्याला भट्टी लागत नाही. पण तिथले टॉवर सिमेंट आणि स्टीलचेच आहेत. भट्टी पेटते, फक्त दुसऱ्या जिल्ह्यात.

चौथा आकडा सगळ्यात अवघड. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, आणि ते चालतं कोळशावर. ग्रिड एकच, त्यामुळे गारवा पुण्यात आणि राख तिथल्या लोकांच्या अंगणात. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण तिचं पाणी मोजून वापरावं लागतं. सौर वीज झपाट्याने वाढतेय, पण सूर्य मावळतो आणि एसी रात्री लागतो. म्हणूनच भारतात तयार होणाऱ्या विजेत सगळ्यात मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.

आता गणित करून बघा. लोकसंख्या तेवढीच ठेवा, दरडोई जीडीपी दुप्पट करा, आणि शेवटचे दोन्ही आकडे ३० टक्क्यांनी उतरवा: २ × ०.७ × ०.७ = ०.९८. म्हणजे उत्पन्न दुप्पट, उत्सर्जन जवळपास तेवढंच! विकास आणि धूर यांची गाठ सुटू शकते. पण त्यासाठी दोन्ही आकडे खाली यायला हवेत, एकाने भागत नाही.

आपल्या हातात काय? एसी घेताना किमतीइतकेच स्टार बघा, तापमान २५-२६ वर ठेवा. ई-स्कूटर शक्यतो दुपारी चार्ज करा, तेव्हा ग्रिडमध्ये सौर वीज जास्त असते. बाकी काम धोरणाचं आहे: रात्रीसाठी वीज साठवणं, आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत कोळशानंतरचा रोजगार उभा करणं.

भारताने नेट झिरोसाठी २०७० साल सांगितलंय. २०२५ मध्ये जे पंचवीस वर्षांचे होते, ते तेव्हा सत्तरीत असतील. आज घेतलेला एसी तोवर भंगारात गेलेला असेल, पण त्याचा कार्बन हवेतच असेल.