फोनवर उर्दू सरळ का चालत नाही?

आरे-वारेपासून रत्नागिरीपर्यंत आपल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. अम्मीला उर्दू छान लिहिता येतं, पण मुलाला ती आवाज रेकॉर्ड करूनच पाठवते. लिहायचं तर आधी सेटिंगमध्ये जाऊन उर्दू कीबोर्ड जोडा. तो जोडला तरी अनेक अँड्रॉइड फोनांवर अक्षरं नस्ख वळणात दिसतात, म्हणजे अरबी छापाची, सरळ ओळीवर बसलेली. आपल्या पुस्तकांतली उर्दू नस्तलीक, तिरकी उतरणारी. तिच्यात अक्षराचं रूप शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतं, म्हणून यंत्राला ती जड गेली.

१९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहून नूरी नस्तलीक घडवली. १९९४ मध्ये इनपेज आलं, छपाई सोपी झाली. पण जुन्या इनपेजमध्ये युनिकोड नव्हतं, त्यामुळे मजकूर बाहेर नेला की नुसता कचरा दिसायचा. (मराठीच्या जुन्या फॉन्टांनीही आम्हाला हेच भोगायला लावलंय.) आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून नस्तलीक आपोआप येते.

'हे अ‍ॅप टाका, तो फॉन्ट बदला' सांगणाऱ्या पोरांची हौस आम्हाला आवडते. पण दोन ओळी लिहिणाऱ्या बाईने इंजिनिअर का व्हावं? पंखा बटण दाबलं की फिरतो, तसा फोन हवा. शाळेतली मुलं तर थांबतच नाहीत. 'खैरियत' रोमनमध्ये लिहून मोकळी होतात, आणि लिपी हातातून सुटत जाते. सुट्टीत घरी आलेल्याने अम्मीच्या फोनात उर्दू कीबोर्ड एकदाच बसवून द्यावा.