विश्लेषण : कोकणातील बेने इस्रायली पूर्वजांचा माग कसा काढला जातो?

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ज्यू कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आता पणजोबांचे गाव शोधत रायगड जिल्ह्यात येते. हाती असते एक ‘कर’ लावलेले आडनाव आणि फार तर एखादा जुना फोटो. यातून घराण्याची साखळी जुळते का, आणि ती नेमकी कुठे तुटते?

आडनावावरून गाव कळते का?

बहुतेकदा कळते. परंपरेनुसार, जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून हा समाज वाढला. पुढे तो अलिबाग, पेण, रोहे, पनवेल परिसरातील खेड्यांत पसरला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर अशी आडनावे पडली. मात्र हीच आडनावे त्या गावांतील हिंदू कुटुंबांचीही आहेत. त्यामुळे दप्तरात ‘पेणकर’ सापडला की आपला माणूस सापडला, असे समजण्यात अर्थ नाही.

खरी अडचण पहिल्या नावाची आहे. गावात अब्राहमचा आबाजी होई, सॅम्युअलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी आणि एझिकेलचा हसाजी. मुंबईतील ‘शआर हाराहमीम’ हे 1796 मधील सिनेगॉग बांधणारे सैन्यातील अधिकारी सॅम्युअल एझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाचे लष्करी कागदात एक नाव, गावच्या वहीत दुसरे आणि कबरीवर हिब्रू वळणाचे तिसरे असू शकते. ही तिन्ही रूपे आधी लिहून न ठेवता शोधाला लागले, तर माणूस समोर असूनही हाती लागत नाही.

कबरीवरचा दगड काय सांगतो?

मराठी वाचकाला एरवी अशा दगडाची सवय नसते. दहन करणाऱ्या समाजात पूर्वजाचे नाव तीर्थोपाध्यांच्या वहीत सापडते, स्मशानात नाही. बेने इस्रायल समाजात दफन होते आणि कोकणातील त्यांच्या दफनभूमींत हिब्रू व मराठी असे दोन्ही लेख असलेले दगड दिसतात. सर्वात जुन्या थडग्यांचा मात्र उपयोग नाही. नवगावला आद्य पूर्वजांचे मानले जाणारे मातीचे उंचवटे आहेत, पण त्यांवर नावे नाहीत.

लेख असलेल्या दगडावर वरच्या बाजूला बहुधा ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन हिब्रू अक्षरे असतात. अर्थ, ‘येथे दफन केले आहे’. त्याखालच्या नावात ‘बेन’ म्हणजे मुलगा आणि ‘बत’ म्हणजे मुलगी. म्हणजे एका दगडावर दोन पिढ्या मिळतात. हिब्रू भाग वाचता येत नाही म्हणून नुसते मराठी अक्षर टिपून घेणे हा मोठा तोटा, कारण मराठीत अनेकदा फक्त घरचे नाव आणि आडनाव असते.

वर्ष हिब्रू अक्षरांत लिहितात. प्रत्येक अक्षराला आकडा असतो आणि हजाराचा अंक बहुधा गाळलेला असतो. बेरीज 665 आली तर त्यात 1240 मिळवायचे, म्हणजे 1905. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने हे साल 1904 चेही असू शकते. महिना पाहून ते ठरते. दगडावर शक असेल तर 78 मिळवावेत.

कोकणच्या पावसाने अक्षरे बुजलेली असतात. खडू, तारेचा ब्रश किंवा आम्ल लावू नये. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते, तेव्हा मोबाइलने काढलेल्या फोटोत खोदकाम अधिक स्पष्ट उठते. शेजारचे दगडही टिपावेत. एका कुटुंबाची माणसे अनेकदा जवळजवळ पुरलेली असतात.

सरकारी दप्तर कुठे शोधावे?

पहिले ठिकाण गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. ‘कोतवाल बुक’ म्हणून ती ओळखली जाते. जमीन असेल तर सातबाराच्या मागचे फेरफार पाहावेत. खातेदार वारला की वारसांची नावे तेथे चढतात, म्हणून एका फेरफारात सगळी भावंडे सापडू शकतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही उपयोगी. जुनी पाने मोडीत असल्याने जाणकार सोबत लागतो.

येथे दोन गोंधळ होतात. रायगडचे नाव 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा होते. परदेशातल्या कागदावर ‘कुलाबा’ वाचून लोक मुंबईच्या कुलाब्यात शोधत बसतात. दुसरे म्हणजे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग 1948 पर्यंत सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता, ब्रिटिश जिल्ह्यात नव्हता. तिथल्या माणसाचा माग ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात काढण्यात अर्थ नाही. बेने इस्रायल समाजातील बरेच पुरुष मुंबई इलाख्याच्या फौजेत होते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर त्यांच्यासाठी पाहतात.

साखळी तुटते ती कुठे?

आईकडे. आणि हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. ज्यू धर्मशास्त्रात ज्यू असणे आईवरून ठरते. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या, की बेने इस्रायल व्यक्तीने समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचे असेल, तर तिची आई, आजी आणि त्यामागे जमेल तितक्या पिढ्या तपासाव्यात. कोकणातून गेलेल्या माणसाने हे कोणत्या कागदाने दाखवायचे? सातबारा, शाळेचे रजिस्टर, आडनाव, सगळे बापाच्या बाजूचे. कबरीवरचे ‘बत’सुद्धा बाईच्या वडिलांचे नाव सांगते, आईचे नाही. विवाहाचा करार असलेल्या ‘केतुबा’तही वधू ओळखली जाते ती वडिलांच्या नावाने. मागितलेला पुरावा जवळपास अशक्य होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायली संसदेने हे लोक सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर रब्बीमंडळाने सूचना बदलल्या.

मग पणजीचे माहेर शोधायचे कसे? एक वाट बाळंतपणाची आहे. पहिलटकरीण बहुधा माहेरी जात असे. पहिल्या मुलाची जन्मनोंद सासरच्या गावात मिळत नसेल, तर ती दुसऱ्या गावच्या वहीत असण्याची शक्यता आहे आणि ते गाव बहुधा आईचे माहेर असते. केतुबावरील वधूपित्याचे नाव त्या गावच्या नोंदींशी ताडून पाहिले की एक पिढी मागे जाता येते. प्रत्येक पिढीला हाच खटाटोप.

जनुकीय चाचणीने काम सोपे होते का?

फारसे नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय असा दोन्ही वारसा दिसला. समाजाच्या इतिहासासाठी हे मोलाचे आहे. पणजी झिराडची की चौलची, हे थुंकीच्या नमुन्यातून कळत नाही. त्यासाठी अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन अबोथ’, रेवदंड्याचे आणि पनवेलचे ‘बेथ एल’ या सिनेगॉगांकडे विवाहाच्या नोंदी आहेत का, हे विचारावे लागते आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो. अर्जात गाव, अंदाजे वर्ष आणि नावाची सगळी रूपे लिहावीत. नुसते ‘अब्राहम’ लिहिलेत, तर ‘आबाजी’ची नोंद तपासली न जाताच अर्ज परत येऊ शकतो.